ठेवणीतलं सीरम

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जुनी म्हणजे तोफेसारखी किंवा रांजणासारखी जुनी नाही. माझा जन्म मागच्या पावसाळ्यातला. पण आमच्या जातीत वय वर्षांत मोजत नाहीत, रंगात मोजतात. माझ्या पोटात व्हिटॅमिन सीचं सीरम होतं. जन्मले तेव्हा ते पाण्यासारखं नितळ होतं. ते पिवळसर झालं की तारुण्य ओसरलं समजायचं आणि तपकिरी झालं की आयुष्य सरलं. मी पार कोऱ्या चहापर्यंत पोचले. कशी पोचले, ते सांगते.

एका औद्योगिक वसाहतीतल्या पांढऱ्या खोलीत मला भरलं गेलं. भरणाऱ्या माणसांनी डोक्याला टोप्या आणि तोंडाला मास्क लावले होते. तोंडासाठी जन्मलेल्या वस्तूला जन्मदात्यांचं तोंड दिसू नये, हे जरा लागलं मनाला. मग माझ्या अंगावर अर्ध्या संत्र्याचं चित्र चिकटवलं. त्या संत्र्याची आणि माझी कधी भेट झालेली नाही. लोक मात्र आम्हाला नातेवाईक समजतात.

मला पुण्याहून सायलीने मागवलं आणि निफाडजवळच्या तिच्या घरी, तिच्या आईसाठी पाठवलं. माझ्यासोबत सनस्क्रीनची एक ट्यूबही होती. सकाळी तोंड धुऊन माझे चार थेंब लावायचे, वरून ती ट्यूब लावायची आणि मग उन्हात जायचं, असा आम्हा दोघींचा संसार ठरला होता.

सायलीची आई म्हणजे उज्वलाताई. त्यांची द्राक्षबाग आहे. माल पिकायला आला की मणी उन्हाने भाजू नयेत म्हणून आमच्याकडे बागेवर जुन्या साड्या बांधतात. त्या साड्या उज्वलाताई बांधायच्या, भर उन्हात उभं राहून. त्यामुळे घडांवर एक डाग नव्हता आणि उज्वलाताईंच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळपट डाग पसरले होते. फोटो काढायची वेळ आली की त्यांना हटकून चहा टाकायची आठवण व्हायची. सायलीच्या साखरपुड्याच्या साऱ्या फोटोंत त्या फक्त एका ठिकाणी आहेत, तेही ओटीच्या ताटामागे. ताट मात्र छान आलंय.

सायलीला ते फार लागलं होतं. मी पोचले त्या दिवशी तिने फोनवर बजावलं, "मम्मी, लग्नात तू माझ्याशेजारी उभं राहायचं. तोंडासमोर पदर नको, ताट नको आणि मावशी नको. हे आजपासून रोज लाव."

"लावते गं," उज्वलाताई म्हणाल्या.

मला आधी हातात घेतलं ते त्यांच्या यजमानांनी. महेशराव फवारणीच्या औषधाचं लेबल वाचावं तसं माझं लेबल वाचत बसले.

"दोनशे लिटरला किती टाकायचं, ते लिहिलंच नाय."

"अहो, तोंडाला लावायचंय ते!"

"तोंडाला असू दे ना. प्रमाण नको का काही?"

सासूबाई पुतळाबाई पलंगावरून म्हणाल्या, "एवढीशी बाटली? निम्मं तोंड व्हायचं हिच्यात."

उज्वलाताईंनी माझं झाकण उघडलं, एक थेंब मनगटावर घेतला, वास घेतला. "भारी हाय," त्या म्हणाल्या. मी उत्सुकतेने वाट पाहू लागले. त्यांनी झाकण लावलं. "लय भारी हाय. लग्नाला लावू."

मित्रांनो, चांगल्या वस्तूला आपल्याकडे कोणती शिक्षा होते, ते मला त्या दिवशी कळलं. तिला ठेवणीत टाकतात.

लोखंडी कपाटात पैठणीच्या मागे मला ठेवलं. शेजारी डांबरगोळ्या. वरच्या फळीवर काचेचा डिनर सेट होता. सायलीच्या बारशाला आलेला, अजून एकही पाहुणा त्याच्या लायकीचा निघाला नव्हता. खाली ब्लाउजपीसांचा गठ्ठा होता. बिचारी आयुष्यभर एका घरातून दुसऱ्या घरात फिरतात, शिवत मात्र कुणी नाही. बाहेरचा आवाज आला की आम्ही सगळे सावरून बसायचो. कपाट उघडायचं, पैठणीला हात लागायचा, कपाट बंद व्हायचं.

ट्यूबचं नशीब निराळं. महेशरावांनी ती टाचांच्या भेगांना लावायला घेतली. आठवडाभरात पिळून संपली. लोक तिला हसतील. मला तिचा हेवा वाटायचा. टाचेला का होईना, ती कुणाच्या तरी उपयोगी पडली.

दसऱ्याला मात्र माझा मोठा मान झाला. ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर आणि छाटणीच्या कात्र्या पूजेला मांडल्या, तेव्हा पुतळाबाई म्हणाल्या, "तोंडाचं औषध पण आण गं. औषध ते औषध." मला हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान वाहिलं, उदबत्ती ओवाळली. मी ट्रॅक्टरशेजारी उभी होते. जिला कुणी तोंडाला लावलं नाही, तिच्या तोंडाला हळदकुंकू लागलं! पूजा झाल्यावर ट्रॅक्टर शेतात गेला. मी परत कपाटात.

फोन यायचा. "लावतेस ना मम्मी?"

"लावते की. फरक पडलाय बघ."

"दाखव बरं. व्हिडिओ लावते."

"रेंज नाय गं इकडं."

रेंज होती. त्याच रेंजवर महेशराव दिवसभर बाजारभावाचे व्हिडिओ बघायचे.

इकडे माझ्या पोटात काही बरं चाललं नव्हतं. एकदा झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि मग आमचे दिवस भरत येतात; बाटली वापरात असली तर त्याआधी ती संपते, इतकंच. त्यात लोखंडी कपाट उन्हाळ्यात तव्यासारखं तापू लागलं. मी पिवळी झाले. मग मधासारखी. मला ओरडावंसं वाटायचं, की बाई गं, मी पैठणी नाही, मी दूध आहे! पण बाटलीला ओरडता येत नाही.

द्राक्षं निघाली, दारात लग्नाचा मांडव उभा राहिला, सायली घरी आली. कपाटातून पैठणी काढायला गेली आणि तिच्या हाताला मी लागले.

"मम्मी, ही भरलेली कशी?"

"वापरून वापरून किती वापरू?"

सायलीने ड्रॉपर ओढून उजेडात धरला. "अगं, चहा झालाय याचा!"

"मग? रंग आला म्हंजे कडक झालं असंल."

"नासलंय ते! तू एकदाही नाही लावलंस. मला दर वेळी खोटं सांगितलंस."

"लग्नासाठी राखलं होतं गं. चांगली वस्तू रोज रोज कोण लावतं?"

"रोज लावायचीच वस्तू होती ती! आता उद्या हळद, परवा लग्न. परत ताटामागेच उभी राहा तू!"

उज्वलाताई पलंगाच्या कडेला बसल्या. पैठणीची घडी उगाच परत घातली. मग हळूच म्हणाल्या, "आणि लावून डाग नसते गेले तर? बाटली भरलेली होती तोवर वाटायचं तरी, की जातील."

सायलीने ड्रॉपर परत माझ्यात बसवला. तेवढ्यात बांगड्या भरायला बोलावणं आलं आणि ती गेली. जाताना मला टेबलावर ठेवून म्हणाली, "टाकून दे ते."

पण उज्वलाताईंच्या घरात उरलेला भातही टाकत नाहीत, त्याला फोडणी देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला न्हाणीघरात नेलं, कडी लावली आणि ‘वाया कशाला घालवायचं’ असं पुटपुटत पूर्ण बाटली तोंडाला चोपडली. मित्रांनो, माझं सार्थक असं एका दमात झालं. पण नासलेलं सीरम गुण देत नाही, रंग सोडतं. थोड्याच वेळात उज्वलाताई कपाळापासून गळ्यापर्यंत केशरी-पिवळ्या झाल्या आणि त्यांचा चेहरा चुरचुरू लागला. त्यांनी पाणी मारलं, साबण लावला, बेसन लावलं. जळजळ थांबली, रंग हटेना. शेवटी पदर नाकापर्यंत ओढला, मला कमरेला खोचलं आणि त्या मांडवात चुलीच्या धुराआड जाऊन उभ्या राहिल्या.

सायली पाटावर बसली होती. बाया एकेक करून तिला हळद लावत होत्या. "मम्मी कुठाय? मम्मी, ये ना इकडं."

"तू बस. मला आमटी बघायचीय."

"आमटीला आचारी आहे." सायली पाटावरून उठली. नवरीने असं उठायचं नसतं, म्हणून चारजणी ओरडल्या. ती सरळ चुलीपाशी आली. "बघू," म्हणाली आणि तिने पदर वर केला.

केशरी-पिवळा चेहरा साऱ्या मांडवासमोर आला.

"मम्मी! लग्न माझं आणि माझ्याआधी हळद तुला?"

"तू टाकून दे म्हणालीस," उज्वलाताई म्हणाल्या. "मी लावून टाकली."

सायली हसता हसता खालीच बसली आणि तिचे डोळे भरून आले. पुतळाबाईंनी निकाल दिला, "म्हंजे पुरली की गं सगळ्या तोंडाला!" मग मांडवच हसू लागला, आणि कितीतरी दिवसांनी उज्वलाताई चारचौघांत पदराबाहेर हसल्या. सायलीने उठून त्यांची हनुवटी धरली, आपल्या गालावरची ओली हळद बोटांवर घेतली आणि त्यांच्या डागांवरून हलक्या हाताने फिरवली. आधी एका गालावर, मग दुसऱ्या. मी त्या गालांची किती महिने वाट पाहिली होती. तिचा हात तिथे कसा सहज पोचला!

लग्नात मी नव्हते, पण पुतळाबाई येईल त्याला सांगतात, म्हणून मला पाठ झालंय. फोटोवाला म्हणाला, "काकू, काळजी नका करू, डाग मी कॉम्प्युटरवर साफ करून देतो." सायली म्हणाली, "दादा, तिच्या चेहऱ्याला हात लावलात तर पैसे मिळणार नाहीत." तो फोटो आता दारासमोरच्या भिंतीवर आहे. उज्वलाताई सायलीशेजारी उभ्या आहेत. डाग दिसतात, पिवळेपणाही थोडा दिसतो. मध्ये कोणतीच मावशी नाही.

सायली नवऱ्याबरोबर पुण्याला गेली. घर शांत झालं. मी न्हाणीघराच्या खिडकीत रिकामी उभी असते. ‘काच चांगली हाय’ म्हणून मला टाकलेलं नाही. खाली आरशापाशी नवी बाटली आली आहे. सकाळी सायलीचा व्हिडिओ कॉल येतो, दोघी बोलता बोलता चार-चार थेंब लावतात. ज्या दिवशी फोन येत नाही, त्या दिवशी उज्वलाताई आरशासमोर थोडा वेळ थांबतात, बाटली उचलतात आणि न उघडताच खाली ठेवतात.

तेव्हा मित्रांनो, एवढं ऐका. चांगल्या वस्तू वेळेत वापरा, झाकण घट्ट लावा, उन्हापासून जपा. आणि घरातलं कुणी फोटोच्या वेळी चहा टाकायला उठत असेल, तर त्यांना बाटली जरूर पाठवा. पण अधूनमधून स्वतःही जा. थेंब आम्ही देऊ. हनुवटी धरून "बघू" म्हणायला मात्र आम्हाला हात नाहीत.