गालावरचं नाव

आम्हा बहिऱ्यांत स्वतःचं नाव स्वतः ठेवायचं नसतं. आपल्यातलाच कुणीतरी तुम्हाला नीट निरखून हाताची एक खूण ठरवतो. त्या खुणेने चारचौघांत कुणी हाक मारली की ते नाव लागतं. मी ऐकणाऱ्यांच्या शाळेत ओठ वाचत वाढले, त्यामुळे अठरा वर्षांची होईपर्यंत बिननावाचीच.

नाव दिलं बाइंडरने. पुस्तकं बांधायचा, आणि आमच्या बहिऱ्यांच्या मंडळात सगळ्यांत आगाऊ. मी शिवणयंत्रावर बसले की दारातून दिव्याचं बटण दोनदा दाबायचा. आमची हाक ती हीच. एकदा मी वळले, तर त्याने गालाला दोन बोटं टेकवून उडवली. मी हसताना गाल झाकते म्हणे. "रविवारी मंडळात सगळ्यांना सांगू," त्याचे हात म्हणाले. मी तिथेच प्रेमात पडले, खोटं कशाला बोलू.

रविवारच्या आत तापाने गेला. नावाला साक्षीदार उरला नाही, आणि मी स्वतःच सांगून कोण मानणार?

आईला तो कधीच पसंत नव्हता. "दोघंही बहिरे. दार वाजलं तर उघडणार कोण?" तो आला की स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांत तेल घालून पाहत बसायची. खुणा मात्र शिकली नाही ती नाहीच.

तो गेल्यावर दिवा मिचकायला लागला. संध्याकाळी मी काजं करत असताना, दोनदा. वळावं तर दारात कुणी नाही. वायरमनला दोष सापडेना. मला तेच हवं होतं. भीती वाटायची, पण दिवा मिचकला नाही तर घास उतरायचा नाही.

काल पहिल्याच उघडझापीला मी गर्रकन वळले. बटणावर आईचा हात होता.

म्हणजे तो नव्हता. इतके दिवस नव्हताच. तो मला काल दुसऱ्यांदा गेला. मी आईवर ओरडणार, तोच तिने डाव्या हाताची दोन बोटं डाव्या गालाला टेकवली आणि उडवली.

त्याने ती खूण उजव्या हाताने केली होती. समोर बसून पाहणारा असा उलटा शिकतो.

"रोज यायचे, पण खूण करायचा धीर व्हायचा नाही," ती म्हणाली. ओठ इतके थरथरत होते की तिला पुन्हा सांगायला लावलं.

रविवारी ती मंडळात येणार आहे, चारचौघांत मला हाक मारायला. डाव्या हातानेच मारेल. मी सुधारणार नाही. त्याला पाहिल्याशिवाय असं चुकता येत नाही.