उलट्या चिठ्ठ्यांचं हृदय

मी एक जुना नमुना आहे, माणसाच्या हृदयाचा. दचकू नका मित्रांनो, प्लास्टिकचा आहे. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर मी असतो. मला मधोमध उघडलं की आतले चारही कप्पे दिसतात. कारखान्यात माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत चांगली जाड केली होती, कारण तोच कप्पा सगळ्या अंगभर रक्त ढकलतो. त्या भिंतीचा मला फार अभिमान होता.

पहिली काही वर्षं माझा थाट काय वर्णावा! मुली हात धुऊन मला हाताळायच्या. मग डिंक सुकला आणि माझ्यावरच्या नावांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या. सरांनी नव्या लिहिल्या. सर मनाने चांगले, पण एकटे सगळे विषय शिकवून मेटाकुटीला आलेले. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि स्वतःच्या डाव्या हाताला 'डावा', उजव्या हाताला 'उजवा' चिकटवून मोकळे झाले. अहो, समोरच्या माणसाचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं! पण मला बोलता कुठे येतं?

त्याच वर्षी ताई आली. वयाने मोठी म्हणून सगळा क्लास तिला ताईच म्हणायचा. ती एका दवाखान्यात आयाचं काम करायची. नर्सशेजारी ट्रे धरून उभं राहायचं, पण सुईला हात लावायचा नाही, हे तिला फार लागायचं. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच संधी होती.

एकदा ती गाइड घेऊन सरांकडे गेली.

"सर, यात जाड भिंत डाव्या कप्प्याची दिलीय. नमुन्यावर तर उजवा लिहिलंय."

"अगं, त्या गाइडात छपाईच्या चुका ढिगाने आहेत. तू नमुन्यावरूनच पाठ कर."

ताईने गाइडातला बरोबर शब्द खोडला. माझा जीव तीळतीळ तुटला. मग रोज ती माझ्या जाड भिंतीवरून बोट फिरवत "उजवा, उजवा" घोकायची. इतक्या मायेने मला कुणीच हाताळलं नव्हतं, आणि मला त्या मायेचीच भीती वाटायची.

परीक्षा देऊन ती थेट क्लासमध्ये आली. "सर, हृदयावर बरेच प्रश्न होते. डोळे मिटून सोडवले!"

निकाल लागला. ताईचा प्रवेश थोडक्या गुणांनी हुकला.

"रसायनातच गेलं असणार," ती सरांना म्हणाली. "हृदय तर पक्कं होतं माझं."

सरांनाही तेच पटलं. मी टेबलावर होतो तसाच होतो.

आता ती धाकट्या बहिणीला घेऊन येते. कामावरून सुटली की तिला माझ्यासमोर बसवते आणि तिचं बोट धरून माझ्या जाड भिंतीवर ठेवते.

"ही भिंत कुठल्या कप्प्याची?"

"पण ताई, शाळेच्या पुस्तकात तर..."

"पुस्तक राहू दे गं. मी सांगतेय ना!"

बहीण भिंतीवरून बोट फिरवू लागते. ताईचा शब्द तिने आजवर कधी मोडलेला नाही.

मित्रांनो, माझी धूळ रोज पुसली जाते, मला कुणी खाली पडू देत नाही. एवढी निगा नाही राखली तरी चालेल. पण कुणीतरी या आणि माझ्या चिठ्ठ्या काढून टाका. हवं तर मला कोराच राहू द्या. परीक्षा तोंडावर आली आहे. बहीण आत्ता डोळे मिटून "उजवा" म्हणाली, आणि ताई तिची पाठ थोपटते आहे.