सारवलेली बुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी बुट्टी आहे. तुमच्याकडे मला टोपली म्हणत असतील. म्हणा, वाद घालण्याचं त्राण आता माझ्यात नाही. काठ उसवला आहे, बुडाला भोक पडलं आहे. अळणावरजवळच्या एका गावात मी गोठ्याच्या कुडाला टेकून बसले आहे.

मी बांबूच्या कामट्यांची. जनाबाईंनी मला घरी आणलं आणि आधी शेणानं सारवलं. आमच्याकडची ती रीतच आहे. फटी बुजतात, आणि वस्तू शुद्ध झाली असं मानतात. पुढे दर अमावास्येला त्या मला नव्यानं सारवत. त्यांच्या तळव्याचा दाब मला फार आवडे. मग त्यांच्या डोक्यावर बसून मी वांगी, मिरच्या घेऊन बाजाराला जाई. बायका माझं कौतुक करत आणि मी फुगून जाई.

मग सून ज्योतीनं काकडी लावली. धारवाडच्या एका वसतिगृहानं रोज काकडी घ्यायचं कबूल केलं. मुलं ती कच्ची खाणार, म्हणून माल स्वच्छ हवा अशी अट होती. पहिली खेप उत्तरा मॅडम तपासणार होत्या. शेतकऱ्यांना भाजी कशी हाताळावी ते त्या शिकवत. त्यांनी नाही म्हटलं तर सगळी मेहनत पाण्यात, या काळजीनं ज्योतीला जेवण गेलं नाही.

दोघींनी साबणानं हात धुतले, बोअरच्या पाण्यात काकड्या धुतल्या, कोरड्या केल्या. मॅडमनी दिलेली प्लॅस्टिकची क्रेट शेजारीच होती. पण पहिला माल शुभ बुट्टीतून जावा म्हणून जनाबाईंनी मला आदल्या दिवशी मुद्दाम सारवलं होतं. काकड्या माझ्यात पडल्या. ज्योतीनं बघितलं, पण सासूला सांगायचं कोणी?

सांगितलं मॅडमनी.

"जनाक्का, ह्या बुट्टीतली काकडी चालणार नाही."

"शेणानं घर शुद्ध हुतंय, आणि काकडी बाटती व्हय?"

"भुई सारवा की अक्का. पण काकडी कुणी शिजवत नाही. शेणातले जंतू सालीला चिकटतात, परत धुतलं तरी सगळे जात नाहीत, पोरांची पोटं बिघडतील."

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. जनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, माझी बाजू घेतील.

"ज्योती, ही काकडी म्हशीला घाल," त्या म्हणाल्या. "गाडी जाऊ दे रिकामी."

"आत्ती, पहिल्याच दिवशी?" ज्योतीचे डोळे भरून आले.

"दुसऱ्याची लेकरं हाईत गे ती."

मॅडमनी वसतिगृहाला फोन करून एका दिवसाची सवलत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी काकडी क्रेटमधून गेली. ती अजून रोज जाते.

मी मात्र तेव्हापासून गोठ्यातलं शेण वाहते. फार थकले. जनाबाई अजूनही अमावास्येला मला सारवायला येतात. सारवून झालं की कोपरापर्यंत साबणानं हात धुतात, आणि मगच मळ्यात जातात. पहिल्यांदा ते बघून मला रडू आलं. माझ्या अंगाचं काही त्यांना आता मळ्यात न्यायचं नव्हतं.

मित्रांनो, त्या हात धुतात तेच बरोबर आहे. तुम्हीही धुवा. आणि कधी इकडे आलात, तर मी रिकामी दिसले म्हणून दया येऊन माझ्यात काकडी ठेवू नका.