नऊ सेकंदांचा व्यत्यय

मिसेस व्हर्ना हॉगस्टाड यांचं पत्र मला येऊन तीस वर्षं झाली. त्याला मी उत्तर दिलं नाही. प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरं देणं हे माझं कामच होतं, म्हणून ही गोष्ट मनाला अधिक लागते. आलेलं प्रत्येक पत्र आठवड्याच्या आत उत्तर देऊन स्वागतकक्षातल्या कपाटात ठेवायचं आणि मागेल त्याला वाचू द्यायचं, असा सरकारी नियम होता. हे एकच पत्र मी कपाटात ठेवलं नाही. खिशात घालून घरी आणलं आणि शब्दकोशात दडवलं. तिथेच ते इतकी वर्षं राहिलं.

हे मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. आयुष्यभर मी एका खोलीत बसून दुसऱ्यांचे कार्यक्रम वेळेवर सोडले. दोन जाहिरातींच्या मध्ये पुस्तक वाचायचो. लोकांशी बोलायची वेळ फारशी येत नसे आणि ते मला मानवत होतं.

आमचं चॅनल अकरा म्हणजे सरोवराकाठच्या केलर्स बे गावाचं स्टेशन. चाळीस वर्षं, देशभर कार्यक्रम पुरवणाऱ्या एकाच नेटवर्कशी बांधलेलं. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात मालकांनी ते नेटवर्क सोडून दुसऱ्याचा हात धरला. रविवारचं फुटबॉल नव्याकडे गेलं होतं, त्यामागोमाग आम्ही. जुनं नेटवर्क मग चॅनल चारवर जाऊन बसलं. क्रेन आणून भिंतीवरची जुन्या नेटवर्कच्या नावाची मोठी अक्षरं उतरवली, तर मागच्या विटा इतक्या स्वच्छ निघाल्या की नाव पूर्वीपेक्षा ठळक वाचता येऊ लागलं. दोनदा रंग दिला. ओल आली की ते पुन्हा दिसायचं.

बदलाच्या आठवड्यात फोन थांबेनात. फोनवरच्या कॅरलला जेवायला सुटका मिळावी म्हणून मला बसवलं होतं.

"माझी दोनची मालिका कुठे गेली?" एक बाई.

"चॅनल चारवर गेली, बाई."

"चारवर माझ्याकडे नुसत्या मुंग्या येतात. डॉक्टरीण बिचारी शुक्रवारी कोमात गेली, आणि तुम्ही तिला तशीच टाकून पळालात."

"मी पळालो नाही, बाई. मी इथेच आहे."

"मग तुम्ही सांगा ती वाचली का."

मला माहीत नव्हतं. मी चारवर विचारून सांगतो म्हणालो, आणि खरंच विचारलं.

आता आर्विडबद्दल. आर्विड हॉगस्टाड आमचा निवेदक. प्रत्येक तासाला स्टेशनचं नाव सांगावं लागे, ते तो सांगायचा: "हे चॅनल अकरा, केलर्स बे." पुढे नेटवर्कचं नाव. तो एकोणनव्वद साली गेला, पण त्याच्या टेप आम्ही चालू ठेवल्या, कारण त्याच्यासारखा आवाज पुन्हा मिळाला नाही. गेल्यावरही पाच वर्षं तो दर तासाला गावाशी बोलत होता. त्याची बायको घरात टीव्ही दिवसभर लावून ठेवते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्या नेटवर्कचा हुकूम आला: जुन्याचं नाव असलेली प्रत्येक टेप पुसा. ते काम माझ्याकडे आलं. पुसायला एक जड लोहचुंबक असे. टेपची डबी त्याच्यावर ठेवायची, बटण दाबून एक गोल फिरवायची, की झालं. बावीस डब्या मी एका दुपारी फिरवल्या. मिसेस हॉगस्टाडनी फोन करून विचारलं तेव्हा कॅरलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "सगळ्या पुसल्या हो," कॅरल फोनवर म्हणाली.

पण हुकूम मी शब्दशः पाळला होता. जुन्याचं नाव असलेल्या टेप पुसल्या. एका टेपमध्ये कुणाचंच नाव नव्हतं, ती प्रक्षेपणात बिघाड झाला की लावायची. वर्षातून एखाद्या वेळी लागणारी, म्हणून ती खालच्या खणात राहून गेली.

बदलानंतर तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, वादळाने नव्या नेटवर्कचं चित्र गेलं. हात सवयीने चालतात. मी पडद्यावर अशा वेळची बदकाच्या चित्राची पाटी लावली आणि खालच्या खणातली डबी यंत्रात दाबली.

"थोडा व्यत्यय आला आहे," आर्विड म्हणाला. "बिघाड आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. जागेवरून उठू नका. आम्ही येतोच आहोत."

नऊ सेकंद. दार उघडं होतं. बाहेर टंकलेखन करणाऱ्या दोघी थांबल्या.

गुरुवारी पत्र आलं. ते मला पाठ आहे.

"पत्रव्यवहार पाहणाऱ्या महोदयांस. मी आर्विडची बायको. तुमच्याकडून मला सांगण्यात आलं की माझ्या नवऱ्याच्या सगळ्या टेप पुसल्या. ते मी मान्य केलं होतं. मंगळवारी तीन वाजून दहा मिनिटांनी तो बोलला. जागेवरून उठू नका म्हणाला. माझी मुलगी जॉइस मला थँक्सगिव्हिंगला न्यायला येणार आहे, कायमची, टूसानला. बॅगा जिन्याखाली भरून ठेवल्या आहेत. ती टेप तुम्ही लावली असेल तर दोन ओळी लिहून कळवा. मी जाईन, मनात काही ठेवणार नाही. लावली नसेल तर उत्तराची तसदी घेऊ नये."

मी चार कच्चे मसुदे लिहिले. एक फार कोरडा वाटला. एकात मी तिच्या भावनांविषयी काहीतरी लिहिलं होतं, ते वाचून माझी मलाच लाज वाटली. तिसऱ्यात क्षमा फार होती. चौथा बरा होता, पण "टेप मी लावली" हे वाक्य लिहिताना वाटलं, त्या घरातून मी आर्विडला दुसऱ्यांदा पुसतो आहे. उद्या लिहू म्हणालो. आठवडा गेला. मग लक्षात आलं की उत्तर न देणं हेच उत्तर होऊन बसलंय.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण होऊन गेल्यावर वाणसामानाच्या दुकानात ती माझ्या पुढे रांगेत होती. मला ती ओळखत नव्हती. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "काय व्हर्ना, तू तर वाळवंटात जाणार होतीस. तिकडे आता उकडत असेल."

"नाही गेले. आर्विड नको म्हणाला."

"ऐकलंस त्याचं? जिवंतपणी तर कधी ऐकलं नाहीस."

"तेव्हा तो एवढं स्पष्ट बोलत नव्हता," व्हर्ना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी हातातलं चीज परत ठेवून बाहेर पडलो.

त्यानंतर जे केलं त्याला कारण देता येईल, पण ते मला पटत नाही. मला वाटलं, ती माझ्यामुळे राहिली, तर तिला एकटं ठेवणं बरं नव्हे. डिसेंबरात एका दुपारी मी नेटवर्कचं चित्र तोडलं, बदक लावलं, डबी दाबली. नऊ सेकंद. नोंदवहीत लिहिलं: उपग्रहाचा सिग्नल गेला. महिन्याभराने पुन्हा.

आमचा मुख्य तंत्रज्ञ डेल वोयचिक बर्फात शिडी लावून डिशवर चढायचा आणि भुवया पांढऱ्या करून खाली यायचा.

"वेंडेल, ही डिश फक्त तुझ्याच पाळीत का झोपते?"

"माझं नशीब."

"तुझी पुस्तकं तिला ऐकू जात असतील. कंटाळून डोळे मिटते बिचारी." तो हातमोजे झटकायचा. "आणि तुझी बोटं किती चपळ झालीत. चित्र जायच्या आधीच बदक हजर."

मी नोंदवही मिटून ठेवली. त्याने पुढे विचारलं नाही.

असं सव्वादोन वर्षं चाललं. मी तेवीस वेळा ती डबी दाबली. गावात कानावर यायचं की व्हर्नाने चर्चच्या गायनात जाणं सोडलं. शुक्रवारच्या मासळीच्या जेवणालाही येईना. दुपारी घराबाहेर पडायचं नाही, कारण केव्हा बोलेल याचा नेम नाही. हे ऐकून मी थांबायला हवं होतं. पण थांबलो तर ती वाट पाहत बसेल, असं वाटायचं, आणि चालू ठेवलं तरी ती वाटच पाहत होती.

टेप झिजत गेली. आर्विडचा आवाज खोल आणि सावकाश होत गेला. मेलेला माणूस माझ्या हाताखाली म्हातारा होत होता. "आम्ही येतोच आहोत" म्हणायला त्याला दम लागू लागला. सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत डबीच्या आत फीत तुटली. मी ती घरी नेऊन टेबलाच्या खणात ठेवली.

एप्रिलमध्ये टपालवाल्याने व्हर्नाच्या दाराशी साचलेली पत्रं पाहिली. ती खुर्चीत होती. टीव्ही अकरावर चालू होता. डॉक्टरांच्या मते मंगळवारी दुपारीच गेली असावी.

"मंगळवारी म्हणजे तुझा आर्विड बोलला त्या दिवशी," डेल मला म्हणाला.

"काय?"

"गाडी धूत होतो मागे. गॅरेजमधल्या टीव्हीवर ऐकलं. बऱ्याच दिवसांनी लावलीस. आणि आवाज कसा, अगदी नवा करकरीत. दुरुस्त केलीस वाटतं टेप."

मंगळवारच्या नोंदवहीत व्यत्यय नव्हता. डबी माझ्या खणात होती, तुटलेली. डेल चेष्टा करत असेल. त्याचा स्वभावच तसा, आणि तो मला ओळखून होता. मी विचारलं नाही. तो गेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

अंत्यविधीला मी मागच्या बाकावर बसलो. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी घेताना जॉइस माझ्याजवळ आली.

"तुम्ही बाबांबरोबर स्टेशनवर होतात ना?"

"हो."

"आई फोनवर म्हणायची, बाबा बोलतात. मी तिच्यावर ओरडायचे. आई, तुझं डोकं फिरलंय, म्हणायचे. अडीच वर्षं आमचं दुसरं बोलणंच झालं नाही." तिने कप बशीत ठेवला. "तुम्हाला काय वाटतं? तिला भास होत असतील?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

सांगता येत होतं. नंतर तिने हजर राहिलेल्या सगळ्यांना आभाराची कार्डं पाठवली. माझ्या पाकिटावर तिचा टूसानचा पत्ता होता. तेही मी शब्दकोशात ठेवलं.

गेल्या सोमवारी चॅनल अकरा पुन्हा जुन्या नेटवर्ककडे गेलं. आता आमच्या खोलीत कुणी बसत नाही. सगळं दुसऱ्या शहरातून यंत्रं सोडतात. दुपारी मी पाहत बसलो होतो, आणि तीनच्या सुमाराला पडदा काळा झाला. बदक नाही, अक्षर नाही. मी सेकंद मोजू लागलो. नऊ झाले, दहा झाले. त्या काळ्या काचेत एक म्हातारा खुर्चीत बसलेला दिसत होता. कुणी काही बोललं नाही. मग माझ्याच तोंडून आलं, "बिघाड आमच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही."

मी उठलो. शब्दकोश काढला. लिहायला चार दिवस लागले, आणि ते चांगलं झालेलं नाही.

"प्रिय जॉइस, तुमच्या आईला भास होत नव्हते. तुमचे वडील खरंच बोलत होते. टेप मी लावत होतो, तेवीस वेळा. आईंनी मला पत्राने विचारलं होतं, त्या पत्राचं उत्तर मी आज देत आहे. ते पत्रही सोबत आहे. मी वेळेवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर आई तुमच्याकडे राहायला आल्या असत्या. चोविसाव्या वेळेबद्दल मला काही माहीत नाही. वेंडेल प्रॉखनाउ."

तुटलेली डबी फडक्यात गुंडाळून पाकिटात घातली. जॉइस आता सत्तरीच्या पुढे असेल. त्याच पत्त्यावर असेल की नाही, कोण जाणे. रस्त्याकडेच्या माझ्या टपालपेटीत पाकीट ठेवून मी तिची लाल पट्टी वर केली, आत न्यायचं पत्र आहे हे टपालवाल्याला कळावं म्हणून. परत जाऊन ते काढून घ्यावं, असं दोनदा मनात आलं. खिडकीशी खुर्ची ओढून बसलो आणि जागेवरून उठलो नाही.

अकरा वाजता टपालाची गाडी आली. चालवणाऱ्या बाईने पाकीट हातात घेऊन वजन पाहिलं, मागे पेटाऱ्यात टाकलं, आणि पट्टी खाली केली.