तीन पेले कॉफी आणि धर्मगुरूंचा निकाल

प्रार्थनाघरासमोरच्या चौकात कॉफीवाल्या मावशींचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीच्या हिमतीवर चालवलं आणि बघता बघता कॉफीनं अख्ख्या गावाला वेड लावलं. संध्याकाळी प्रार्थनेला सात माणसं आणि दुकानात सत्तर, असं व्हायला लागलं तेव्हा वैद्यबुवांनी धर्मगुरूंचे कान भरले. "या काळ्या काढ्यानं नशा चढते. लोक उगाच फिदीफिदी हसतात. हे धर्मात बसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. मावशी शेगडीसकट हजर.

"वैद्यबुवा, तुम्ही कधी प्यायलात?" त्यांनी विचारलं.

"छे, मी कशाला पिऊ?"

"मग नशा चढते हे कुणी सांगितलं?"

वैद्यबुवा दाढी कुरवाळू लागले. धर्मगुरू सरळ माणूस. न चाखता निकाल देणं त्यांना पटेना. "आणा इकडे," ते म्हणाले. "मीच बघतो."

पहिल्या पेल्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला भुवया वर गेल्या. तिसरा त्यांनी मागून घेतला. मग ते फरशीच्या रेषेवरून नाकासमोर चालत गेले, तसेच परत आले. ज्या स्तोत्राच्या मध्यावर त्यांना हमखास डुलकी लागायची, ते त्यांनी एका दमात, बिनचूक म्हटलं. आणि लगेच पुढचं सुरू केलं. मग त्याच्याही पुढचं.

वैद्यबुवांना राहवेना. दोन पेले रिचवून ते शेजारच्या शिंप्याला आपल्या लग्नाची हकीकत सांगायला लागले.

"तीस वर्षांत घरात एवढं बोलले नाहीत हो," त्यांची बायको म्हणाली आणि हसत सुटली. मग सगळी सभाच हसायला लागली.

"दारू माणसाला पाडते, हिनं तर मला जागं केलं," धर्मगुरूंनी निकाल दिला. "प्रार्थनेत जागं ठेवणारी वस्तू अधर्म कशी? कॉफी खुशाल प्या. फक्त प्रार्थनेच्या वेळी दुकान बंद."

"कबूल," मावशी म्हणाल्या.

पंधरवड्यात लोक पुन्हा गाऱ्हाणं घेऊन आले. धर्मगुरू आता तीन पेले पिऊनच उभे राहत, आणि अर्ध्या तासाचं प्रवचन अडीच तासांवर गेलं होतं. शिंप्यानं हात जोडले. "महाराज, कॉफी आम्हाला राहू द्या. बंदी घालायचीच असेल तर स्वतःवर घाला."

धर्मगुरू पोट धरून हसले. प्रवचनाआधी एकच पेला, हे त्यांनी मान्य केलं. उरलेले दोन ते नंतर मावशींच्या दुकानात, वैद्यबुवांच्या मांडीला मांडी लावून प्यायला लागले. शेवटी मावशींनी त्या दोघांसाठी कोपऱ्यात वेगळा बाक टाकला, कारण एकदा गप्पांना बसले की ते काही केल्या उठत नसत.