जिन्यातल्या काकूंची चाचणी

दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हे त्याचं पोटापाण्याचं काम. नवऱ्याच्या अंगी हा गुण असून घरात कुणाचं भलं होत नाही, पण माणूस सरळ होता. फक्त अलीकडे त्याच्या डोक्यात भरलं होतं, की हे सगळं जगच कुणीतरी कॉम्प्युटरवर चालवलंय.

संशयाचं मूळ वरच्या मजल्यावरच्या काकू. रोज सकाळी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "दार नीट लावलंस ना?" तो उतरता उतरता "हो" म्हणायचा. "बरं केलंस. सावकाश जा." दोन वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

एके दिवशी त्यानं कचेरीतल्या रीतीनं चाचणी घेतली. मुद्दाम भलतंच उत्तर दिलं.

"काकू, दार विकून टाकलं."

"बरं केलंस. सावकाश जा."

तो तसाच घरी परतला. "सापडलं," बायकोला म्हणाला. "काकू माणूस नाहीतच. प्रोग्रॅम आहे."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "आणि मी?"

इथं शहाण्यानं गप्प बसावं. हा म्हणाला, "तुझी तपासणी व्हायचीय."

तेव्हापासून बायकोचं बोलणंच बदललं. चहा मागितला, की "आपली विनंती नोंदवली आहे." टॉवेल कुठंय, तर "ही सुविधा सध्या उपलब्ध नाही." चौथ्या दिवशी तो मेटाकुटीला आला. जग माया आहे म्हणणाऱ्यालाही घरात हाकेला ओ लागतेच.

"तू पूर्वीसारखं बोलावंस म्हणून मी काय करू?"

"वर जा आणि काकूंनाच विचार. चाचणी अर्धवट सोडू नये."

काकूंनी दार उघडलं आणि त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या. त्यानं दोनदा विचारलं, तेव्हा ओशाळून म्हणाल्या, "अरे, कान गेलेत माझे. रोज तेच विचारलं, की उत्तर ठाऊक असतं. कुणाला सांगू नकोस हं."

तो खाली आला.

"निकाल?" बायकोनं विचारलं.

"सांगता येत नाही. शब्द दिलाय."

"मला माहितीये ते. इथं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं. मी त्यांच्यासमोर उभी राहून बोलते. तू पाठ फिरवून बोलतोस." आणि न मागता तिनं चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात थांबला, काकूंकडे तोंड करून सावकाश म्हणाला, "लावलं, काकू. आणि दार विकलेलं नाही."

काकू बघतच राहिल्या.

"दार कोण विकतं रे, मेल्या?"