मालनच्या तेरा फ्रेम्स

फोटो नीट निघाला असता तर श्रीरंगला लग्नाची ऑर्डर मिळणार होती. हळद, लग्न, पूजा, सगळं. त्याच्या स्टुडिओत गेल्या तीन वर्षांत आधार कार्डाच्या झेरॉक्सपेक्षा मोठं काही घडलं नव्हतं. त्यामुळे उमेळ्याच्या हरिश्चंद्रने सीड्यांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि "हिच्या आईचा फोटो काढून द्या, लग्नाचं काम तुमचंच," म्हटलं, तेव्हा श्रीरंगने ताबडतोब तीन चहा सांगितले. बिस्किटंसुद्धा.

'हिच्या' म्हणजे रिद्धीच्या. ती बापाच्या मागे उभी होती. लग्न अकरा दिवसांवर आलेलं. पूजेला पाटावर आईची तसबीर ठेवायची होती आणि घरात तसबीरच नव्हती. तिची आई मालन गेली तेव्हा रिद्धी तीन वर्षांची होती. दोन हजार अठराच्या पुरात अल्बम चार दिवस बुडाला आणि सगळ्या नातेवाइकांचा मिळून एकच लगदा झाला. सीड्या तेवढ्या धुऊन पुसून घेता आल्या. हरिश्चंद्रच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या होत्या त्या, दोन हजार तीनच्या. शूटिंग श्रीरंगचंच.

"आधी विरारला त्या मितेशकडे गेलो होतो," हरिश्चंद्र म्हणाला. "त्याच्याकडे ड्रोन आहे, पण सीडी घालायला जागा नाही."

"ती माझ्याकडेच मिळणार," श्रीरंग खुशीत म्हणाला, आणि ड्राइव्ह उघडेना म्हणून सेफ्टी पिन शोधू लागला.

"सगळं बघत बसू नका. विहिरीपाशी मालन उभी आहे, ही कडेवर. तुम्हीच उभी केली होती. दिवा लावून चांगली दोन मिनिटं घेतलीत. मी बाजूलाच होतो."

"मग असणारच."

पहिली सीडी चार वेळा अडकली. श्रीरंगने तिला टूथपेस्ट लावली, रुमालाने पुसली, पुन्हा घातली. गणपती, नारळ, गोल फिरणारी नावं. मग एकदाची मालन आली, पण पाठमोरी, पातेलं उचलताना. दुसऱ्या सीडीत हळदीच्या बायकांत तिचा चेहरा नेमका समोर आला, रिद्धी पुढे वाकली, आणि वरून एक लालभडक गुलाब गिरक्या घेत आला आणि मालनच्या तोंडावर उमलला.

"हे कोणी केलं?" रिद्धीने विचारलं.

"तेव्हा फॅशन होती," श्रीरंग म्हणाला. ते गुलाबांचं सॉफ्टवेअर त्याने नवंच घेतलं होतं, म्हणून दिसेल तिथे गुलाब पेरला होता.

"काढता येतो का?"

"नाही गं. तो आता चेहऱ्यातच गेला."

मंगलाष्टकांत मालनचा नुसता हात सापडला, अक्षता टाकणारा. हरिश्चंद्रने तो हात बांगड्यांवरून ओळखला आणि चहाचा कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

"विहीर लावा हो," तो म्हणाला. "कशाला उगाच हातपाय बघायचे."

विहीर तिसऱ्या सीडीत होती. केळीच्या खांबांवरून कॅमेरा सरकत आला, उजवीकडून मालन पोरीला घेऊन आत आली, पांढरा उजेड पडला, आणि दुसऱ्या क्षणी पडद्यावर नगरसेवक जिलेबी खात होते.

"मागे घ्या."

श्रीरंगने मागे घेतलं. पुन्हा खांब, मालन, उजेड, जिलेबी.

"खराब झाली का सीडी?" रिद्धीने विचारलं. तिने माउस आपल्याकडे ओढला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजली. तेरा. अर्धा सेकंद. नगरसेवक मात्र दोन मिनिटं चाळीस सेकंद खात होते. एकही ओरखडा नाही.

श्रीरंगला खराब सीडीचं कारण फुकट मिळत होतं. ते घेतलं असतं तर ऑर्डर अजूनही वाचली असती. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

पण हरिश्चंद्र आधी बोलला. "पहिल्यांदा लावली तेव्हा घरात तीस माणसं. मालन आत चहा करत होती. मग एकटीने लावून बघितली. मला म्हणाली, माझं आलंच नाही. मी म्हटलं, असेल की, तुलाच नीट बघता येत नाही. तीन-चारदा म्हणाली. शेवटी मी ओरडलो."

श्रीरंगने तोंड मिटलं. मग चष्मा काढून पुसला.

"तिला नीटच दिसलं होतं," तो म्हणाला. "दिवा लावला होता मी. बटण बंद केलं होतं."

"म्हणजे?"

"कॅसेट पुरवायची असायची. लग्नात प्रत्येक जण म्हणणार, माझा घ्या, माझा घ्या. मग दिवा लावायचा, इकडे बघा, हसा म्हणायचं. रेकॉर्डिंग करायचं नाही. सगळेच करायचे. माणूस खूश, कॅसेट शाबूत. नगरसेवक यायचे होते, त्यांच्यासाठी राखली होती."

"दोन मिनिटं उभी होती ती," हरिश्चंद्र म्हणाला.

"हो."

"पदर सारखा केला होता."

"हो."

"मग हे एवढं तरी कसं आलं?" रिद्धीने विचारलं.

"बंद करायचं बटण दाबायला उशीर झाला माझा."

हरिश्चंद्र उठला, बाहेर जाऊन रस्त्यापलीकडे स्कूटरला टेकून उभा राहिला. रिद्धी तेरा फ्रेम्स पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. पाचव्या फ्रेमपर्यंत मालन धूसर होती, अकराव्या फ्रेमनंतर उजेडाने पांढरी. नववीत ती पोरीला बोटाने कॅमेरा दाखवत होती. तोंड अर्धं पोरीकडे, हसू अजून यायचं होतं. कडेवरची रिद्धी मात्र थेट समोर बघत होती, स्पष्ट.

"मोबाइलवर साफ होतं आता," श्रीरंग म्हणाला.

"मैत्रिणीने अल्बमच्या लगद्यातल्या एका तुकड्यावर करून बघितलं, काका. छान बाई आली. पप्पा म्हणाले, ही कोण?" तिने पडद्यावर बोट ठेवलं. "ही नववी द्या. आहे तशी."

मोठी केल्यावर तिचे चौकोन झाले. मालनच्या डोळ्याच्या जागी तपकिरी ठिपके, नाकाच्या जागी एक फरशी. श्रीरंगने तीनदा प्रिंट काढली, तीनदा फाडली, शाई बदलली, संगणकाला एक शिवी हासडली. चौथी तशीच आली.

"लांबून बघ," तो म्हणाला. "लांबून चेहरा जुळतो."

रिद्धी दोन पावलं मागे गेली. मग पायरी उतरली. मग रिक्षा जाऊ देऊन रस्त्यापलीकडे, बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. श्रीरंग प्रिंट दोन्ही हातांनी छातीशी धरून दारात आला. समोर हरिश्चंद्र मान वळवून उभा होता, आणि लग्नाचं काम आता विरारला जाणार हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

नगरसेवकांना चार हजार फ्रेम्स मिळाल्या होत्या, मालनला तेरा. श्रीरंगची एक ऑर्डर गेली. बाकीची सगळी किंमत त्या पोरीने मोजली होती, बोलता येत नव्हतं तेव्हापासून.

"जरा वर धरा, काका," ती पलीकडून म्हणाली.

त्याने प्रिंट डोक्याच्या वर धरली. मिनिट झालं, दुसरं झालं. हरिश्चंद्रने मान पुन्हा इकडे वळवली आणि तोही बघू लागला. श्रीरंगचे हात भरून आले, पण 'झालं' असं ती म्हणेना, आणि त्याने ते खाली घेतले नाहीत.